'रूल' म्हणजे काय?
(परळच्या सभेतलं भाषण)



लालबाग-परळच्या जुन्या गिरणी कामगारांना 'रूल' हा शब्द आम्ही काय सांगणार? १९८२ च्या संपात त्यांना कायद्यावर बोट ठेवून सांगितलं गेलं, मान्यताप्राप्त युनियनच तुमच्या वतीनं बोलणार.

आमच्याकडे साहेब म्हणतो, "रूलमध्ये बसत नाय." आम्ही गप घरी येतो. रूल म्हणजे मनाई, असंच वाटायचं. पाड्यातल्या एका आजीचा वनहक्काचा दावा असाच परत आला, सातबारा नाही म्हणून. तिच्या सासऱ्यानं घातलेला बांध अजून उभा आहे!

मग आम्ही पुस्तक घेऊन बसलो. कायदा २००६ चा, संसदेनं केलेला. रूल म्हणजे तो चालवायचे नियम. सरकार ते करतं, पण कायद्याबाहेर जाऊन नाही. नियम १३ वाचा. घर, बांध, विहीर, मसणवट, देवाची जागा, म्हाताऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब, सगळे पुरावे चालतात. दोन तरी हवेत. जबाब दावेदाराचा स्वतःचा नको, बरं का. ताबा मात्र १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा पाहिजे.

म्हणून आता विचारायचं, कितवा रूल? लिहून द्या. उपविभागीय समितीचा नकार असेल तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येतं. आजीचा नकार अजून तोंडीच आहे. सोमवारी तो लेखी मागायला जातोय आम्ही.