‘काही होत नाही गं ताई’ : पावसाळा, लोणावळा आणि कडेवरचं मूल

मागे जो आवाज येतोय तो पावसाचा आहे, मी तळेगावात घरूनच रेकॉर्ड करतोय. आजचा भाग त्यांच्यासाठी, ज्यांच्या गाडीत या रविवारी एखादं लहान मूल असणार आहे. स्वतःचं, नाहीतर माझ्यासारखं ताईचं.

आधी माझंच सांगतो. चार वर्षांपूर्वी लोणावळ्याजवळच्या एका ओढ्यात मी पाच वर्षांच्या भाचीला खांद्यावर घेऊन मधोमध उभा राहिलो. पाणी पोटरीपर्यंत. काठावरून ताई ओरडतेय, "अरे, बाहेर ये!" आणि मी म्हणतोय, "काही होत नाही गं ताई." खरंच काही झालं नाही. भजी खाल्ली, रील टाकली, लाइक्स आले.

मग ३० जून २०२४. रविवारच होता. भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात पुण्याहून आलेलं एक कुटुंब प्रवाहाच्या मधे अडकलं. एकमेकांना घट्ट धरून उभे होते सगळे. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. एक महिला आणि चार मुलं गेली, सगळ्यात लहान चार वर्षांचं. खाली कमेंट होत्या, ‘अक्कल नाही का यांना?’ मला तसं लिहिता येईना. मीही तेच केलं होतं, फक्त माझ्या वेळी पाणी वाढलं नाही.

आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे, ‘माझ्या मशीनवर तर चालतंय.’ एकदा चाललं म्हणजे कोड बरोबर आहे असं नसतं ना! पण ओढ्याच्या बाबतीत आपण हेच धरून चालतो.

इथे होतं काय, की आपण उभे असतो तिथे नुसती रिमझिम असते आणि वर डोंगरावर धो-धो कोसळत असतो. सह्याद्रीचा उतार तीव्र, खाली कातळ, पाणी मुरायला जागाच नाही. सगळं काही मिनिटांत खाली येतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. त्यात पायाखाली शेवाळ. मूल कडेवर असलं की तुमचे हात अडकलेले आणि तोल वर गेलेला. म्हणजे ज्याला वाचवायचं, त्याच्यामुळेच तुम्ही आधी पडता.

पाणी गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून यायला लागला, आवाज बदलला, तर चपला शोधत बसू नका, निघा. पण खरं सांगू? मूल सोबत असेल तर वाहत्या पाण्यात उतरायचंच नाही, हे घरून ठरवून निघा. तिथे गेल्यावर ठरवता येत नाही. सगळे उतरलेले दिसतात आणि पोरं हट्ट करतात. काठावरही मूल हाताच्या अंतरावर हवं. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, त्यामुळे ‘आवाज आला की बघू’ हे चालत नाही.

आणि गर्दी म्हणजे सुरक्षित, असंही नाही. १५ जून २०२५ ला आपल्या मावळातच, कुंडमळ्याला, इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट कोसळला. चार जण गेले. तोही रविवार.

कुणी वाहून जात असेल तर मागे उडी मारू नका. दोरी, ओढणी, रिकामी बाटली, जे असेल ते फेका आणि ११२ लावा. मूल बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर उलटं टांगणं, पोट दाबणं यात वेळ घालवू नका. आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर दाब, आणि मदत येईपर्यंत थांबू नका. हे ऐकून येत नाही. सीपीआरचं ट्रेनिंग ऑफिसात असेल तर नाव द्या. आमच्याकडे झालं तेव्हा अर्धे लोक चहाला गेले होते, मीसुद्धा. नंतर वेगळं शोधून केलं.

भाची आता नऊची आहे. मागच्या आठवड्यात तिला नेलं, पण काठापासून लांब बसून मक्याचं कणीस खाल्लं. ती फुगली. म्हणाली, "मामा, तूच तर मला आत नेलं होतंस!"

म्हटलं, "हो, मामा चुकला होता."

तिने आणखी एक कणीस मागितलं.