बेलिफ बांधावर येण्याआधी

(जिल्हा बैठकीतील भाषण)



बेलिफ पोलीस घेऊन शेतावर आला की गाव गोळा होतं. आरडाओरड होते, कोणी आडवं पडतं. संध्याकाळपर्यंत ताबा गेलेला असतो. असं का होतं? बेलिफ हा या साखळीतला शेवटचा माणूस. निकाल बरोबर की चूक, हे ठरवायचा अधिकार त्याला नाही. वॉरंटप्रमाणे ताबा द्यायचा, पंचनामा करायचा आणि कोर्टाला कळवायचं, एवढंच त्याचं काम.

लढाई असते पहिल्या कागदावर. दाव्याचं समन्स येतं. आपला माणूस म्हणतो, घेतलंच नाही तर काय करतील? बेलिफ ते दाराला चिकटवतो आणि कोर्ट बजावणी झाली असं धरू शकतं. आपण गैरहजर, म्हणून एकतर्फी हुकूमनामा. तो रद्द करून मागायला मुदत फक्त 30 दिवस. समन्स खरोखरच बजावलं नसेल, तर हुकूमनामा कळल्यापासून 30 दिवस.

हुकूमनामा झाला की त्याच दिवशी जमीन जात नाही. जिंकणाऱ्याला दरखास्त लावावी लागते आणि त्यासाठी त्याच्याकडे 12 वर्षं असतात. चार वर्षं कोणी फिरकलं नाही म्हणजे विषय मिटला, असं समजू नका. नुसतं अपील केल्यानेही अंमलबजावणी थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते.

हुकूमनामा पैशाचा असेल तर जमीन जप्त होऊन लिलावाला निघते. बोली पक्की होण्याआधी देणं आणि खर्च भरला तर लिलाव थांबतो. लिलाव झाल्यावरही 60 दिवसांत जाहीरनाम्यातलं देणं, आणि वर खरेदीदारासाठी त्याच्या किमतीच्या 5 टक्के भरून विक्री रद्द करून मागता येते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे शेतीची अवजारं, कोर्टाला गरजेची वाटतील तेवढी जनावरं व बियाणं, आणि शेतकरी राहतो ते घर जप्त करता येत नाही. मात्र घर गहाण टाकलं असेल तर या कलमावर विसंबू नका.

2002 च्या सरफेसी कायद्याने बँकेला कोर्टात दावा न लावता गहाण मालमत्तेचा ताबा घेता येतो. त्याच कायद्याच्या कलम 31 ने शेतजमीन वगळली आहे. वसुलीवाला त्या कायद्याचं नाव घेऊन शेतावर ताबा सांगायला आला, तर त्याला हे कलम दाखवा.

आणि बेलिफ आलाच तर? हुकूमनामा ज्याच्यावर आहे त्याने विनाकारण अडवलं, तर कोर्ट 30 दिवसांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवू शकतं. पण जमिनीवर तुमचा स्वतःचा हक्क असेल आणि हुकूमनामा दुसऱ्यावरच असेल, तर तसं लेखी द्या, कागद दाखवा. तुम्हाला बाहेर काढलंच, तर 30 दिवसांत त्याच कोर्टात अर्ज करा. त्या हक्काचा निवाडा कोर्टाला करावाच लागतो.

अळी बोंडात शिरल्यावर पंप पाठीवर घेऊन उपयोग नसतो, हे कपाशीवाल्याला मी काय सांगावं? समन्स घ्या. तारीख लिहून ठेवा. कागद पेटीत न ठेवता त्याच आठवड्यात वकिलापुढे ठेवा. आणि ज्याला वाचता येत नाही, त्याचा कागद शेजाऱ्याने वाचून द्यावा. एवढं प्रत्येक गावाने केलं तरी पुष्कळ जमिनी वाचतील.