भरल्या ताटावरून उठणाऱ्या लेकी

(नाशिक येथे नवरात्रात झालेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)



नवरात्र आले की नाशिककरांची पावले वणीच्या गडाकडे वळतात. कड्यात कोरलेली सप्तशृंगीची ती सुमारे आठ फूट उंचीची, अठरा भुजांची मूर्ती आपण सर्वांनी डोळे भरून पाहिली आहे. २०२२ साली शेंदराचा जुना लेप उतरविण्यात आला आणि तिचे मूळ रूप अधिक स्पष्ट झाले. त्या भुजा आयुधे पेलणाऱ्या आहेत. तिच्यापुढे हात जोडताना देवीची कंबर किती, वजन किती, असा प्रश्न कोणाच्याही मनाला शिवत नाही. घरी आल्यावर मात्र स्वतःच्या लेकीकडे पाहून तोच प्रश्न आपण सहज विचारतो. आज मला बोलायचे आहे ते या विसंगतीविषयी.

मार्च २०२५ मध्ये केरळच्या कण्णूर जिल्ह्यातील अठरा वर्षांची एक विद्यार्थिनी मरण पावली. वजन वाढेल या भीतीने ती कित्येक महिने अन्न टाळत होती, आई-वडिलांनी वाढलेले लपवून ठेवत होती आणि इंटरनेटवर पाहिलेले आहाराचे प्रयोग स्वतःवर करीत होती, असे वृत्त प्रसिद्ध झाले. दुष्काळात माणसे अन्नावाचून मरतात, हे आपण जाणतो. पण भरल्या घरात एक मुलगी उपाशी मरते, हे कसे समजून घ्यायचे?

नखरा नव्हे, व्याधी

या व्याधीला वैद्यकात ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ म्हणतात. लंडनचे डॉ. विल्यम गल यांनी १८७३ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणजे ही आजकालची गोष्ट नव्हे. हाडे दिसू लागली तरी रुग्णाला आरशात आपण लठ्ठच दिसतो. तिची बहीण ‘बुलिमिया’. हीत अधाशीपणे खाल्ले जाते आणि मग घशात बोटे घालून ते बाहेर काढले जाते. मासिक पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात, वारंवारच्या उलट्यांनी दातांचे कवच झिजते, रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके बिघडतात. मानसिक व्याधींमध्ये सर्वाधिक प्राणघातक ठरणाऱ्यांत ॲनोरेक्सियाची गणना होते. ‘दोन दिवस उपाशी राहिली की येईल ताळ्यावर’ असे म्हणणे येथे जिवावर बेतू शकते.

हे लोण पसरते कसे? फिजी बेटांवर भरल्या अंगाची स्त्री सुंदर मानली जाई. तेथील नाद्रोगा प्रांतात १९९५ मध्ये दूरदर्शन संच आले. हार्वर्डच्या डॉ. ॲन बेकर यांनी त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. पहिल्या वेळी वजनासाठी उलटी काढणारी एकही मुलगी आढळली नव्हती. तीनच वर्षांनी हे प्रमाण अकरा टक्क्यांवर गेले. आपल्याकडे १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि १९९४ ते २००० या सात वर्षांत विश्वसुंदरी आणि जगत्सुंदरी मिळून सहा मुकुट भारतात आले. त्या मुलींच्या बुद्धिमत्तेचे कौतुक आहेच, पण मुकुटांमागोमाग सौंदर्यप्रसाधनांची केवढी बाजारपेठ उभी राहिली, तेही विसरू नये. आज तर तो बाजार प्रत्येक मुलीच्या हातातील मोबाईलमध्ये, रात्रंदिवस उघडा आहे.

दार कोणी उघडले?

परंतु सारा दोष पश्चिमेच्या माथी मारून मोकळे होणे मला मान्य नाही. पत्रकारितेच्या आरंभीच्या काळात वधू-वरविषयक जाहिरातींची मुद्रिते तपासण्याचे काम माझ्याकडे होते. ‘गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष’ या शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ मी कटाक्षाने पाहत असे. त्यांच्या अर्थाने कोणाच्या घरात काय होत असेल, हा विचार मात्र एकदाही मनात आला नाही. त्या जाहिराती कोणी परदेशी कंपनी देत नव्हती, आपणच देत होतो. मुलगी पाहायला येणारी माणसेही आपलीच असतात.

आणखी एक गोष्ट सांगतो. माझ्या परिचयातील एका घरातली मुलगी आधी सोमवार करी. मग गुरुवार आला, शनिवार आला, चतुर्थी-एकादशी होतीच. आई कौतुकाने सांगे, ‘आमची लेक फार श्रद्धाळू.’ मुलगी जिन्यात चक्कर येऊन पडली, तेव्हा उलगडा झाला. उपवास म्हणजे ईश्वराच्या सान्निध्यात राहणे. इथे तो वजनकाट्याचा आडोसा झाला होता, आणि आडोसा आपला असल्यामुळे कोणाला शंका आली नाही.

आपली परंपरा याबाबत काय सांगते? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘अष्टौनिन्दितीय’ नावाचा अध्याय आहे. दोषयुक्त मानलेल्या आठ देहप्रकारांत तेथे अतिस्थूल आहे, तसाच अतिकृशही आहे. आणि अतिकृष्णाच्या जोडीला अतिगौरही आहे! प्रमाणबद्धता आणि बळ ही तेथील कसोटी आहे. गीतेनेही अतिखाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला, दोघांनाही योग नाकारला आहे.

याच जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील वनवासी पाड्यांवर कुपोषण हा जुना प्रश्न आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त होत्या आणि सुमारे पाचांतील एक स्त्री प्रमाणापेक्षा कृश होती. जेथे निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात पुरेसे रक्त नाही, तेथे बारीक होण्याचा उपदेश कोणाला करावा?

त्याच त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावली आणि कांस्यपदक घेऊन आली. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवले. तीही सडपातळच आहे. पण तिचा देह धावण्याने घडला आहे. ‘मी कशी दिसते’ यापेक्षा ‘माझे शरीर काय करू शकते’ हा प्रश्न मुलीला बळ देतो. १९३६ च्या विजयादशमीला वर्ध्यात राष्ट्र सेविका समितीची स्थापना करताना वंदनीय मावशी केळकरांनी स्त्रीच्या शारीरिक सामर्थ्याचा आग्रह धरला, तो याचसाठी.

आपण काय करावे?

घरात कोणाच्याही जाडीवर, रंगावर विनोद करू नये. पाहुण्यांनी केला तर त्यांना तेथेच थांबवावे. मुलगी सतत एकटी जेवू लागली, जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाऊ लागली, तिची पाळी थांबली, उपवास वाढले, तर रागावू नये. डॉक्टरांकडे आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या देहाला एकदम भरपूर खाऊ घालणेही धोक्याचे असते, ते वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. मानसोपचार घेण्यात कमीपणा नाही.

आणि माता-भगिनींनो, शेवटची विनंती तुम्हालाच. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेसुरले खाणारी आई मुलीला न बोलता शिकवते की, बाईच्या पोटाला किंमत नाही. या नवरात्रात एक नेम करा. रोज एक वेळ लेकीच्या शेजारी बसून, तिच्याइतकेच ताट वाढून घेऊन जेवा. देवीला नैवेद्य दाखवतोच आपण. घरातल्या कुमारिकेचे ताटही भरलेले राहो आणि ती त्यावरून तृप्त होऊन उठो.