पाठीचा कणा आणि छातीचा पिंजरा

मराठी भाषेत ‘कणा’ हा शब्द शरीरापुरता राहिलेला नाही. स्वाभिमानी माणसास ताठ कण्याचा म्हणतात. शेती हा अर्थव्यवस्थेचा कणा आहे, हे तर प्रत्येक व्यासपीठावरून ऐकू येते. प्रत्यक्षातील कणा मात्र सरळ नसतो. बाजूने पाहिल्यास त्यास चार बाक दिसतात. चालताना व उडी मारताना बसणारा हादरा या बाकांमुळेच डोक्यापर्यंत पोहोचेतो सौम्य होतो.

जन्मतः मणके ३३ असतात: मानेत ७, पाठीत १२, कमरेत ५. त्याखालील ५ मणके पुढे सांधून त्रिकास्थी होते आणि अखेरच्या ४ मणक्यांचे माकडहाड बनते. (उंच मानेच्या जिराफासही मानेचे मणके ७च असतात. शिक्षकांनी एवढे सांगितले, तर विद्यार्थी हा आकडा सहसा विसरणार नाहीत.) मणक्यांमधील चकत्या दिवसभराच्या भाराने दबतात, त्यामुळे सायंकाळी माणसाची उंची सकाळपेक्षा सुमारे १ सेंटिमीटर कमी भरते.

पाठीच्या १२ मणक्यांना बरगड्यांच्या १२ जोड्या जोडलेल्या असतात. वरच्या ७ जोड्या थेट उरोस्थीस मिळतात, पुढील ३ वरच्या बरगडीच्या कूर्चेचा आधार घेतात, शेवटच्या २ पुढील बाजूस मोकळ्याच राहतात. पिंजरा म्हटला की अचल वस्तू डोळ्यांपुढे येते. पण हा पिंजरा प्रत्येक श्वासागणिक हलतो. वरच्या बरगड्या हापशाच्या दांड्याप्रमाणे उरोस्थीस पुढे उचलतात, खालच्या बादलीच्या कडीप्रमाणे बाजूस वर येतात. म्हणूनच बरगडी मोडलेल्या माणसाची छाती फडक्याने करकचून आवळण्याची जुनी रीत आता त्याज्य ठरली आहे. त्या आवळण्याने श्वास उथळ होतो, कफ साचतो व न्यूमोनियाचा धोका वाढतो.

मणक्यांच्या मागील छिद्रांची मिळून एक नलिका होते. तीत करंगळीएवढ्या जाडीचा, सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा मज्जारज्जू असतो. हातपाय हलविण्याच्या आज्ञा याच मार्गाने जातात. श्वासपटल चालविणाऱ्या मज्जातंतूंचा उगम तर मानेतील तिसऱ्या ते पाचव्या भागात आहे.

एखादा माणूस नारळाच्या किंवा आंब्याच्या झाडावरून पडतो, विहिरीचे काम करताना कोसळतो. भोवती जमलेले लोक चांगल्या हेतूनेच त्यास काखेत हात घालून बसवतात, पाणी पाजतात आणि मिळेल त्या वाहनात दुमडून घालतात. मणका मोडला असूनही मज्जारज्जू शाबूत असण्याचा संभव असतो. पण या उचलाउचलीत मोडलेल्या हाडाची कड त्यात रुतू शकते. पडल्यानंतर पाय हलविणारा माणूस रुग्णालयात पोहोचेपर्यंत कायमचा पंगू होतो, तो अशा वेळी.

अशा जखमीस आहे तसेच पडू द्यावे. एकाने त्याचे डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे, दुसऱ्याने १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा. तोंडास काही लावू नये. आग वा पाणी यांमुळे हलविणे भागच पडले, तर दाराची फळी किंवा रुंद पाट आणावा. चारपाच जणांनी, डोके धरणाऱ्याच्या इशाऱ्यावर, मान, पाठ व पाय एका रेषेत ठेवून लाकडी ओंडक्याप्रमाणे त्यास एकाच वेळी कुशीवर वळवावे, फळी पाठीशी सरकवावी आणि तसेच परत उताणे करावे. डोक्याच्या दोन्ही बाजूंस कपड्यांच्या घड्या ठेवून कपाळ, छाती व मांड्या फळीस बांधाव्यात. छातीवरील पट्टा मात्र श्वास अडेल इतका घट्ट नसावा.