काम गेलेल्या माणसाची गोष्ट



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्याने होतात, त्यांनी आपल्याला शब्द पारखून वापरावा असे शिकवले. म्हणून आजच्या विषयाचा आरंभ मी एका शब्दापासून करतो. तो शब्द म्हणजे ‘बेकार’.

हा शब्द फारसीतून मराठीत आला. ‘कार’ म्हणजे काम. ज्याला काम नाही तो बेकार. मूळ अर्थ एवढाच. परंतु आपण बिघडलेल्या चहाला बेकार म्हणतो, न आवडलेल्या चित्रपटालाही बेकार म्हणतो. काम नसणे ही परिस्थिती आहे, वाईट असणे हा दोष आहे. बोलभाषेने या दोहोंची एकाच शब्दात गाठ मारली. काम गेलेला माणूस हा शब्द ऐकतो तेव्हा त्याला त्यातले दोन्ही अर्थ ऐकू येतात. साहित्याने ही गाठ सोडवली काय, एवढाच प्रश्न मला आज विचारायचा आहे.

मराठीतील कामगारसाहित्याची परंपरा मोठी आहे. मामा वरेरकरांनी ‘धावता धोटा’ या कादंबरीत गिरणीचे जग आणले. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराच्या घरात वाढलेल्या नारायण सुर्व्यांनी 1962 साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आणि 1966 साली ‘माझे विद्यापीठ’ हे संग्रह देऊन कामगाराला मराठी कवितेचा नायक केले. परंतु हा नायक काम करणारा, झगडणारा आहे. त्याचे कामच नाहीसे झाले तर त्याच्या कवितेचे काय होईल, ही वेळ तोवर आली नव्हती.

ती 1982 साली आली. त्या वर्षी 18 जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ हवी होती. 1946च्या औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेला दिलेले प्रतिनिधित्वही मोडून काढायचे होते. या संपाची विलक्षण गोष्ट अशी की, तो रीतसर मागे घेतला गेल्याची घोषणा कधी झालीच नाही. कोणी गावी परतले, कोणी भाजीची टोपली घेऊन बसले, काहींना पुन्हा गिरणीत घेतले गेले, पुष्कळांना घेतले गेले नाही. ज्याचा शेवट जाहीर झाला नाही, त्याचा शोक तरी कोणत्या दिवशी करावयाचा?

जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक 1997 साली रंगभूमीवर आले. त्याच वर्षी जानेवारीत डॉ. सामंतांची हत्या झाली होती. संपाला पंधरा वर्षे झाली होती. नाटकाचे नाव पाहावे. अधांतर म्हणजे वर टांगलेला नाही आणि खाली टेकलेला नाही, असा. गिरणगावातील चाळीच्या खोलीत राहणारे हे कुटुंब तसे आहे. एका मुलाला लेखक व्हायचे आहे, एक क्रिकेटमध्ये रमला आहे, एक टोळीच्या वाटेला गेला आहे, आणि आई घर सावरून धरते आहे. गिरणी रंगमंचावर कोठेच नाही, तरी प्रत्येक भांडणाच्या मुळाशी तीच आहे. याच नाटकावर आधारलेला महेश मांजरेकर यांचा ‘लालबाग परळ’ हा चित्रपट 2010 साली आला.

गिरणगावाची ही व्यथा एकट्या मुंबईची नव्हे, हे दुसऱ्या एका कलाकृतीवरून ध्यानात येते. स्पेनमधील दिग्दर्शक फेर्नांदो लेओन दे आरानोआ यांनी 2002 साली एक चित्रपट केला. त्याच्या नावाचा अर्थ ‘सोमवारी उन्हात’ असा होतो. बंदरावरील जहाजबांधणीचा कारखाना बंद पडलेला आहे आणि तेथील मित्र एका मद्यगृहात जमून दिवस ढकलत आहेत. एकजण आपल्याहून तरुण उमेदवारांपुढे उभे राहण्यासाठी केस काळे करून मुलाखतीला जातो. दुसऱ्याची बायको मासळीच्या कारखान्यात राबते, आणि तिच्या कमाईवर जगणे त्याला आतून पोखरते. सोमवारी उन्हात बसण्याची फुरसत ज्याला मिळते, त्याला रविवार उरलेला नसतो.

आपल्या गिरण्यांत गैरहजेरीला ‘खाडा’ म्हणत. खाडा पडला की पगार कापला जाई, म्हणून कामगार त्याला भीत असे. काम गेल्यावर ती भीती गेली. परंतु ‘आज मी आलो नाही’ याची नोंद घेणारेही कोणी उरले नाही. पगारापेक्षा मोठे नुकसान हे आहे. पगाराची भरपाई मागता येते. आपली वाट पाहणारे ठिकाणच नाहीसे झाले, त्याची भरपाई कोणाकडे मागावी?

या चित्रपटातील एक प्रसंग शाळेच्या व्यासपीठावरून सांगण्याजोगा आहे. सांता नावाचा बेकार कामगार एका लहान मुलाला गोष्ट वाचून दाखवतो. गोष्ट आपल्या परिचयाची आहे : कष्टाळू मुंगी आणि आळशी नाकतोडा. वाचता वाचता तो संतापतो. हिवाळ्यात उपाशी राहिलेल्याला दार न उघडणारी मुंगी त्याला सद्गुणी वाटत नाही. आपण शिक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या ही गोष्ट शिकवली. उन्हाळाभर राबलेल्या मुंगीचे वारूळच कोणी विकून टाकले तर काय, हे मात्र वर्गात कधी विचारले नाही.

बडोद्याला हा विषय परका नाही. 1907 साली प्रा. त्रिभुवनदास गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी येथे अलेम्बिकची स्थापना केली. महाराष्ट्रातून आलेली कितीतरी कुटुंबे या शहरात नोकरीच्या आधाराने रुजली. कारखाने उभे राहताना शहराने पाहिले, तसे काहींची फाटके बंद होतानाही पाहिले. उभारणीची स्मरणिका निघते, कोनशिला बसते. बंद पडण्याची तारीख फक्त काम गेलेल्याच्या घरात पाठ असते.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज माणसे कामावर घेण्याच्या आणि कमी करण्याच्या खुर्चीवर आहेत. बाजाराचे नियम मी त्यांना शिकवणार नाही. तो माझा अधिकार नव्हे. भाषेचा एक विद्यार्थी म्हणून एवढेच मागतो : ज्याचे काम गेले त्याला बेकार म्हणू नये, ‘त्याचे काम गेले’ असे म्हणावे. पहिला शब्द माणसावर ठपका ठेवतो. दुसरे वाक्य एक घटना सांगते, आणि घटनेला कारण असते, ते विचारता येते.