तारामती कोण झाली होती?



३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. दादासाहेब फाळके सर्वांना ठाऊक आहेत. पण त्यातील तारामती कोण झाली होती? अण्णा साळुंके, मुंबईतील एका उपाहारगृहातील आचारी! कॅमेऱ्यापुढे उभी राहण्यास एकही स्त्री मिळेना, तेव्हा फाळक्यांनी या कामगाराला लुगडे नेसवले. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता, दोन्ही भूमिका साळुंक्यांनीच केल्या. पुढे त्यांनी कॅमेराही हाताळला.

अशा माणसाचे चरित्र गौरवग्रंथांत सापडत नाही. गौरवग्रंथ निर्मात्याचे असतात. त्यासाठी जुन्या जाहिराती, पगाराच्या वह्या, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात उरलेली रिळे धुंडाळावी लागतात.

स्त्रीला मज्जाव करणाऱ्या समाजाने तिचे काम पुरुषाला दिले आणि त्या पुरुषाचे श्रमही विसरून टाकले. दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी लवकरच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये काम करून तो मज्जाव मोडला. म्हणजे तो निसर्गाचा नियम नव्हता, रूढी होती.

कार्यकर्त्यांना माझी विनंती एवढीच : आपल्या गावातील वृद्ध नटांच्या, पडदे ओढणाऱ्यांच्या आठवणी आजच लिहून घ्या. कष्टकऱ्यांचा इतिहास त्यांच्या हयातीतच नोंदवावा लागतो.