पाय रुंद, बूट अरुंद



पावसाळा ओसरला की सह्याद्रीतल्या गडवाटा आणि जंगलवाटा पुन्हा गजबजू लागतात, आणि त्याच सुमारास चांगल्या बुटांची शोधाशोध सुरू होते. एके काळी आपल्याकडच्या भटक्यांच्या पायांत घोट्यापर्यंतचे कॅनव्हासचे हंटर शूज असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीनं शिकार बंद केली. पण शिकाऱ्यासाठी घडवलेला उंच, जाड तळाचा बूट राहिला, आणि आज तो ट्रेकरच्या, पक्षिनिरीक्षकाच्या, वनरक्षकाच्या पायांत आहे. हा बूट घ्यायला रुंद पायाचा माणूस दुकानात गेला, की त्याला एक सल्ला हमखास मिळतो, ‘एक नंबर मोठा घ्या, म्हणजे सैल होईल.’ हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्यापायी कितीतरी लोकांचे पाय सोलवटून निघतात. म्हणून आजचं हे बोलणं.

बूट ज्या साच्यावर ओढून बसवतात त्याला कारागीर कलबूत म्हणतात, काही ठिकाणी फर्मा. बुटाची ठेवण त्या कलबुतावरच ठरते. आपल्या बाजारात चालणाऱ्या ब्रिटिश मापात नंबर एकानं वाढला, की लांबी इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर वाढते. तळाची रुंदी मात्र वाढते जेमतेम दोनएक मिलिमीटर. पायाला हवी असते रुंदी आणि पदरात पडते लांबी. शिवाय प्रत्येक बुटाची वाकण्याची एक ठरलेली जागा असते आणि ती बरोबर चवड्याच्या सांध्याखाली यावी लागते. बूट लांब झाला की ती जागा पुढे सरकते. मग पाऊल एका ठिकाणी वाकतं आणि बूट दुसऱ्या. टाच मागे सुटी राहते, चढावर ती वरखाली घासत राहते आणि फोड येतात. उतारावर तर अख्खं पाऊल पुढे घसरतं आणि बोटं बुटाच्या टोकावर आपटत राहतात. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या घसाऱ्यावरून उतरल्यावर अंगठ्याचं नख काळंनिळं झालेले अनेक जण मी पाहिले आहेत. ते सगळे त्या उताराला दोष देतात. दोष बहुतेक वेळा बुटाच्या मापाचा असतो.

न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज शहरात वडिलांच्या बुटांच्या दुकानात काम करणाऱ्या चार्ल्स ब्रॅनॉक यांना हे नीट उमगलं होतं. १९२० च्या दशकात त्यांनी पाऊल मोजायचं धातूचं उपकरण बनवलं. त्यात पाय ठेवला की तीन मापं मिळतात : टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंत, टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंत, आणि चवड्याची रुंदी. अमेरिकेत शिकारीचे बूट सहसा नुसत्या नंबरावर विकले जात नाहीत, नंबराशेजारी रुंदीचं अक्षर असतं. पुरुषांसाठी ‘डी’ म्हणजे नेहमीची रुंदी, ‘टू ई’ म्हणजे रुंद, ‘फोर ई’ म्हणजे त्याहून रुंद. बायकांच्या बुटात नेहमीची रुंदी ‘बी’ असते. आपल्या दुकानात मात्र बहुतेक बुटांच्या खोक्यावर एकच आकडा असतो, आणि रुंदी विचारली तर विक्रेता गोंधळून जातो.

आणि रुंद पाय म्हणजे काही दोष नव्हे. संशोधक क्रिस्टियान दाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दक्षिण भारतातले कायम अनवाणी चालणारे, बूट वापरणारे भारतीय आणि युरोपीय अशा तीन गटांच्या पावलांची तुलना केली. अनवाणी चालणाऱ्यांचा चवडा ठळकपणे रुंद निघाला. त्याआधी १९९२ मध्ये राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी दक्षिण भारतातल्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले होते. सपाट तळव्याचं प्रमाण बूट घालणाऱ्या मुलांत ८.६ टक्के होतं, अनवाणी मुलांत २.८ टक्के. शेताच्या बांधावर वाढलेल्या पोराचा पाय मोकळा पसरलेला असतो. तो पाय निरोगीच असतो. त्याच्यासाठी बूट बनवायचं राहून गेलं आहे, एवढंच. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं अलीकडे देशभर एक लाखाहून अधिक लोकांची पावलं मोजली. त्यातही भारतीय पाऊल रुंद असल्याचंच दिसलं आणि त्यावरून आपल्या मापांची ‘भा’ नावाची स्वतंत्र पद्धत सुचवली गेली. ती दुकानादुकानांत लवकर रुळावी, असं मला मनापासून वाटतं.

तोवर आपलं माप आपणच घ्यायचं. दिवसभरात पाय थोडा सुजतो, म्हणून माप संध्याकाळी घ्या. चालताना जे मोजे घालणार तेच घाला आणि कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. बसून घेतलेलं माप खोटं असतं, कारण भार पडल्याशिवाय चवडा पसरत नाही. दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल उभी धरून पावलाभोवती रेघ ओढायला सांगा. अंगठ्याजवळच्या हाडापासून करंगळीजवळच्या हाडापर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही पाय वेगळे मोजा आणि मोठ्या पायाचं माप धरा.

दुकानात पहिलं काम म्हणजे बुटातला आतला तळ, म्हणजे इनसोल, बाहेर काढून त्यावर उभं राहणं. पाय दोन्ही बाजूंनी त्याच्याबाहेर सांडत असेल, तर तो बूट कितीही मऊ वाटला तरी ठेवून द्या. बसत असेल तर बूट घाला, नाड्या न बांधता पाऊल पुढे सरकवा. टाचेमागे एक बोट शिरायला हवं. मग टाच मागे टेकवून नाड्या बांधा आणि जिना उतरा. जमलं तर उतरत्या फळीवर चाला. बोटं पुढे लागता कामा नयेत आणि टाच उचलता कामा नये. ‘वापरून वापरून सैल होईल’ या आश्वासनावर विसंबू नका. चामडं थोडं सैल होतं, आणि हाडापाशी बूट चावत असेल तर चांगला मोची तेवढीच जागा कलबुतावर ताणून देतो. पण रबराची पट्टी चढवलेला किंवा कृत्रिम कापडाचा बूट असा ताणला जात नाही.

चवडा रुंद आणि टाच मात्र अरुंद, अशी ठेवण बऱ्याच जणांची असते. त्यांना नाडीचा उपयोग होतो. चवड्यावरच्या एखाद्या जोडभोकातून नाडी आडवी न नेता सरळ वर न्यायची, म्हणजे तिथला दाब सुटतो. मग घोट्याच्या वळणावर दुहेरी वेढा घेऊन गाठ आवळायची, म्हणजे टाच जागेवर राहते.

एक सावधगिरी. परदेशी शिकारी बुटांवर चारशे ग्रॅम, आठशे ग्रॅम असे आकडे असतात. ते बुटाच्या वजनाचे नसून आतल्या ऊबदार अस्तराचे असतात, बर्फात तासन् तास दबा धरून बसणाऱ्यासाठी. आपल्या हवेत त्या अस्तरानं पाय उकडतो, घामानं मऊ पडतो, सुजतो, आणि रुंद पायाची उरलीसुरली जागाही अस्तर खाऊन टाकतं. ते आपल्याला नको. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी तर बूट स्वतःच्या अंदाजानं घेऊच नयेत, डॉक्टरांना पाय दाखवून घ्यावेत. बूट चावतोय हे त्यांना कळतच नाही.

आता शेवटी वनरक्षकांविषयी. दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत प्रत्येक बीटमध्ये, म्हणजे वनरक्षकाच्या नेमून दिलेल्या क्षेत्रात, तीन दिवस रोज किमान पाच किलोमीटर चालून वाघाच्या खुणा शोधायच्या असतात, आणि नंतर तीन दिवस दोन किलोमीटरच्या ठरलेल्या रेषेवर तृणभक्षी प्राणी मोजायचे असतात. एरवीची गस्त वेगळीच. आता हे काम मोठ्या संख्येनं मुलीही करत आहेत, आणि जंगलात टिकेल असा बूट त्यांच्या मापात मिळणं आणखी अवघड आहे. गणवेशाचे बूट मागवणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की नंबराच्या रकान्याशेजारी रुंदीचा एक रकाना घाला. आणि श्रोतेहो, तुम्ही खरेदीला निघाल तेव्हा पावलाचा आराखडा काढलेला कागद सोबत न्या आणि दुकानात नंबराआधी रुंदी विचारा.